रस्ता कोणाचा?



आठवड्याच्या बाजारात गर्दी झाली, एस्. टी. स्टँडच्या तोंडाशी गाड्या अडल्या, किंवा कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्यांची रांग लागली, की एक वाक्य हमखास कानी पडते : "रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" मोटारवाला ते सायकलवाल्याला ऐकवतो, सायकलवाला पायी जाणाऱ्याला ऐकवतो, आणि पायी जाणारा बिचारा ते दोघांनाही मनातल्या मनात म्हणून घेतो. प्रश्न रागाच्या भरात विचारलेला असतो, म्हणून त्याचे उत्तर कोणी शोधत बसत नाही. आज आपण ते शोधू या. कारण हे भांडण कालपरवाचे नाही. त्याला चांगला दीडशे वर्षांचा लेखी इतिहास आहे, आणि तो वाचला म्हणजे आपल्या गावच्या फाट्यावर रोज काय घडते ते नीट कळू लागते.

मोटार येण्यापूर्वीचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. माणसे चालत, बैलगाड्या चालत, मेंढरांचे कळप जात, पोरे खेळत, दिंड्या निघत. ज्याला घाई असेल त्याने ओरडून वाट मागावी, ही रीत. आपल्याकडे असे होते, आणि इंग्लंडातही बहुतेक असेच होते. तिथे वाफेवर चालणाऱ्या अवजड गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हा सन १८६५मध्ये पार्लमेंटने एक कायदा केला. आज तो वाचताना हसू येते. अशा गाडीने गावाबाहेर ताशी ४ मैल आणि गावात ताशी २ मैल, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही हळू जावे. गाडीबरोबर तीन माणसे असावीत, आणि त्यांपैकी एकाने तांबडे निशाण हाती घेऊन गाडीच्या ६० यार्ड पुढे चालावे! हसू येते खरे. पण त्या कायद्यामागचा विचार ध्यानात घ्या. धोका जो घेऊन आला, काळजी त्याने घ्यावी. पायी चालणाऱ्याने घाबरून घरात बसावे असे त्या कायद्याने म्हटले नाही.

मग आली सायकल. सन १८८५मध्ये सारख्या चाकांची, साखळीची सायकल इंग्लंडात बाजारात आली, आणि १८८८मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. सायकल वेगवान झाली, आणि तिच्याविरुद्ध तक्रारी सुरू झाल्या. घोडे बुजतात, म्हातारी माणसे दचकतात, हे लोक मागून आवाज न करता येतात! आज मोटारसायकलवाल्या पोरांना आपण जे बोलतो, ते सगळे त्या काळी सायकलवाल्यांनी ऐकून घेतले. अखेर १८८८च्या एका कायद्याने सायकल हीसुद्धा रीतसर 'गाडी' ठरली. तिला रस्त्याचा हक्क मिळाला. त्याचबरोबर रात्री दिवा लावण्याचे आणि कोणाला ओलांडून जाताना घंटी वाजवण्याचे बंधनही आले. हक्क आणि जबाबदारी एकाच कलमात आली, हे शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

पुढची गंमत अशी, की चांगले रस्ते मागितले ते सायकलवाल्यांनी. खाचखळगे आणि धूळ यांनी ते हैराण झाले होते. इंग्लंडातल्या सायकलस्वारांच्या संस्थांनी १८८६मध्ये रस्तासुधारणेसाठी एक मंडळ काढले. अमेरिकेतल्या सायकलस्वारांनीही चांगल्या रस्त्यांसाठी मोठी चळवळ केली. रस्ते गुळगुळीत होऊ लागले, आणि त्यांवर धावायला आली मोटार. काल जी सासू होती ती आज सून झाली, असेच सायकलचे झाले म्हणा ना.

सन १८९६ हे या कथेतले मोठे वळण. त्या वर्षी १७ ऑगस्ट रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाच्या बाई मोटारीखाली सापडून मरण पावल्या. मोटारीच्या धडकेने पादचारी मरण्याची ब्रिटनमधली ही पहिली नोंद समजली जाते. चौकशीत 'अपघाती मृत्यू' असा निर्णय झाला. आणि तीनच महिन्यांत, १४ नोव्हेंबरला, नवा कायदा अमलात आला. हलक्या मोटारींपुढे माणूस चालवण्याची अट गेली, आणि वेगाची मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वर गेली. त्या आनंदात मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत मिरवणूक काढली. पुढे १९०३च्या कायद्याने ताशी २० मैलांची मुभा मिळाली, आणि गाडीला नंबर लावणे आवश्यक झाले.

आता जरा अमेरिकेकडे वळू. तिथे मोटारी फार झपाट्याने वाढल्या, कारण १९०८पासून फोर्डची स्वस्त गाडी मध्यम स्थितीतल्या माणसाच्याही आवाक्यात येऊ लागली. १९२० ते १९३० या दहा वर्षांत तिथे दोन लाखांवर माणसे मोटारींच्या अपघातांत गेली. शहरांत पायी चालणारे फार मेले, आणि त्यांत मुले पुष्कळ. लोक खवळले. बाल्टिमोर शहरात १९२२मध्ये मेलेल्या मुलांच्या नावे स्मारक उभे केले गेले. सिनसिनाटी शहरात १९२३ साली ४२ हजार नागरिकांनी सह्या करून मागणी केली, की ताशी २५ मैलांपुढे गाडी धावूच नये असे यंत्र प्रत्येक मोटारीत बसवा. मोटारविक्रेते आणि मोटारक्लब हादरले. त्यांनी विरुद्ध प्रचाराचा धडाका लावला, आणि मतदानात ती मागणी पडली.

यानंतर मोटारवाल्यांच्या संघटनांनी एक वेगळीच युक्ती जोराने वापरली. दोष गाडीचा, की चालणाऱ्याचा? त्यांनी तो चालणाऱ्याच्या माथी मारला, आणि त्यासाठी त्यांना एक शब्द आयताच सापडला. मंडळी, हा शब्द आपण खेड्यातल्या माणसांनी तर ऐकलाच पाहिजे. तो शब्द 'जे-वॉकर'. त्यातल्या 'जे'चा अर्थ गावंढळ, अडाणी खेडवळ. शहरात कसे चालावे हे ज्याला कळत नाही, जो तोंड वर करून इमारती बघत वाटेल तिथून रस्ता ओलांडतो, तो 'जे-वॉकर'! शाळांतून मुलांना शिकवले, चौकाचौकांत स्वयंसेवकांनी लोकांना या नावाने लाजवले. लॉस एंजेलिसने १९२५मध्ये नियमच केला, की पादचाऱ्याने ठरल्या ठिकाणीच रस्ता ओलांडावा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रस्त्यावर तो मोकळा चालत आला, त्याच रस्त्यावर तो आता गुन्हेगार ठरला. एका शिवीने जे काम केले, ते शंभर कायद्यांना जमले नसते.

ठरल्या जागी रस्ता ओलांडावा हा नियम मुळात वाईट नाही. तो जीव वाचवतो. पण त्याच्या आडून 'रस्ता गाडीचा, चालणारा आगंतुक' हा समज पक्का झाला, हे वाईट झाले. तो समज आपल्याकडेही आला आहे. अपघात झाला की जमलेल्या गर्दीत पहिला प्रश्न "हा मधे कशाला आला?" असाच असतो. गाडीचा वेग किती होता, हे विचारणारा क्वचित भेटतो.

ब्रिटनने या समजाची किंमत मोजून पाहिली. वेगमर्यादा कोणी पाळतच नाही, मग ठेवायची कशाला, असे म्हणून १९३०च्या कायद्याने मोटारींवरची मर्यादा काढून टाकली. १९३४ साली तिथे ७,३४३ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत जवळजवळ निम्मे पादचारी होते. त्याच वर्षी लेस्ली होर-बेलिशा हे वाहतूकमंत्री झाले. लंडनमध्ये पायी रस्ता ओलांडताना एक मोटार त्यांच्याच अंगावर येता येता राहिली. त्यांनी पादचाऱ्यांच्या वाटांवर काळ्यापांढऱ्या खांबांवरचे नारिंगी गोळे बसवले. ते आजही तिथे 'बेलिशा' हेच नाव सांगतात. मार्च १९३५पासून वस्तीत ताशी ३० मैलांची मर्यादा परत आली, आणि जूनपासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. त्या वर्षीचा मृत्यूंचा आकडा साडेसहा हजारांच्या आसपास उतरला.

याच मंत्र्यांनी डिसेंबर १९३४मध्ये लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यू रस्त्याकडेला सायकलींसाठी खास वाट खुली केली. तुम्हाला वाटेल, सायकलवाले खूश झाले असतील. उलट त्यांच्या मोठ्या संस्थेने विरोध केला! त्यांचे म्हणणे : आज आम्हाला बाजूला वाट देता, उद्या मुख्य रस्त्यावर बंदी कराल, आणि ही वाट तर अरुंद आहे, आडरस्ता आला की तुटते. ज्या रस्त्यांच्या सुधारणेसाठी आपल्या वाडवडिलांनी खटपट केली, तिथून हाकलले जाण्याची ती भीती होती.

अशी वाट नीट बांधली तर काय होते, हे दाखवले नेदरलँड्सने, म्हणजे आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशाने. तो देश पहिल्यापासूनच सायकलींचा आणि सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही पैसा आला, मोटारी आल्या, आणि त्यांच्यासाठी जुने रस्ते रुंद झाले. १९७१ साली तिथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. त्यांत चारशेच्या वर मुले होती. आपली लहान मुलगी अशा अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२मध्ये लेख लिहिला. त्याचा मथळा होता, 'बालहत्या थांबवा'. तेच नाव घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३च्या नोव्हेंबरात तेलाची टंचाई आली, आणि सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. त्या रविवारी लोकांनी मोकळे रस्ते डोळ्यांनी पाहिले. मग वस्तीतल्या गल्ल्या अशा बांधल्या गेल्या, की तिथे मोटारीनेच चालीच्या वेगाने जावे आणि मुलांनी खेळावे. १९७६मध्ये त्यांना कायद्याची मान्यता मिळाली. सायकलींच्या अखंड वाटा हळूहळू देशभर झाल्या. मोटारीची धडक पादचाऱ्याला वा सायकलस्वाराला बसली, तर नुकसानभरपाईची जबाबदारी मूळात मोटारवाल्यावर, असे तिथला कायदा धरून चालतो. लोकसंख्या आणि मोटारी दोन्ही वाढूनही २०२३ साली तिथले रस्त्यावरचे मृत्यू सातशेच्या आत होते.

या सगळ्यामागचे गणित वर्गात फळ्यावर मांडता येईल. वेग दुप्पट झाला की धडकेतली शक्ती चौपट होते. म्हणून पायी चालणारा आणि मोटारवाला यांची चूक तराजूच्या दोन पारड्यांत सारखी तोलता येत नाही. एकाच्या चुकीने बहुधा त्याचाच जीव जातो. दुसऱ्याच्या चुकीने परक्याचा.

आपल्याकडचे आकडे ऐका. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत पादचारी ३२ हजारांहून अधिक, मोटारसायकल-स्कूटरवाले सुमारे ७५ हजार, सायकलवाले पावणेपाच हजारांच्या पुढे. म्हणजे दर तिघांपैकी दोघे असे, की ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याची भिंत नव्हती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला. तिथे पादचाऱ्यांना आणि दुचाकींना बंदी आहे, आणि ते योग्यच, कारण तो रस्ता केवळ वेगासाठी बांधला आहे. पण ज्या महामार्गाच्या एका कडेला गाव आणि दुसऱ्या कडेला शाळा, तिथे वेगाचा हट्ट चालणार नाही. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मोकळी पाऊलवाट मिळणे हा पादचाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हा हक्क कागदावरून साइडपट्टीवर उतरवायचा कोणी? ते काम बरेचसे तुमचे-आमचे आहे.

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपल्या अंगणातही पाहू या. सोयाबीन, ज्वारी डांबरी रस्त्यावर पसरून खळे करणारे आपणच. रात्री दिवा किंवा चकाकती पट्टी नसलेली उसाची ट्रॉली कडेला उभी करणारेही आपणच. साइडपट्टीवर लाकडे, खडी, उकिरडा टाकला, की चालणारी पोरे डांबरावर येणारच. जिथे साइडपट्टी नाही तिथे मुलांनी उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालावे, हेही त्यांना शिकवले पाहिजे.

शिक्षकांना एक काम सुचवतो. शाळा भरण्याच्या वेळी फाटकाच्या आत उभे राहून चौथी-पाचवीच्या मुलांना पाव तास मोजू द्या : पायी किती गेले, सायकलने किती, दुचाकीवर किती, मोटारीतून किती. मग रस्त्याच्या नकाशात त्यांनाच दाखवू द्या, की कोणाला किती हात जागा मिळाली आहे. तो कागद ग्रामसभेत मांडा, आणि बांधकाम खात्याकडे साइडपट्टी, गतिरोधक आणि फलक मागण्याचा ठराव त्यावर करा. सिनसिनाटीच्या लोकांनी ४२ हजार सह्या जमवल्या आणि ते हरले. हॉलंडचे आईबाप काही वर्षांत जिंकले. तुमच्या गावाला सुरुवातीला पन्नास सह्याही पुरतील.