तबकडीविरुद्धचा संप

मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव होण्यास अवघा एक आठवडा उरला असताना, १ ऑगस्ट १९४२ रोजी, अमेरिकेत एक चमत्कारिक संप सुरू झाला. ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ या वादकांच्या संघटनेच्या लाखाहून अधिक सभासदांनी तबकड्यांसाठी वाद्य हाती धरण्याचे नाकारले. नाट्यगृहांत, नृत्यगृहांत, नभोवाणी केंद्रांवर त्यांचे प्रत्यक्ष वादन पूर्ववत चालू होते. बंद होते ते फक्त ध्वनिमुद्रण. जादा वेतनाची किंवा कमी तासांची मागणी पुढे केलेली नव्हती. झगडा होता तो एका वस्तूशी, आणि ती वस्तू वादकांनी स्वतःच्याच श्वासाने व बोटांनी घडवलेली होती.

ही संघटना १८९६ साली स्थापन झाली तेव्हा संगीत ऐकायचे तर वादकाला समोर बसवावे लागे. पुढे मूकपटांचा जमाना आला, आणि लहानमोठ्या प्रत्येक चित्रपटगृहात पडद्यापुढच्या खळग्यात वाद्यवृंद बसू लागला. हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटत असे. १९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपट झळकला आणि पाचसहा वर्षांत ते खळगे ओस पडले. संघटनेने १९३० मध्ये वर्तमानपत्रांतून जाहिरातींची मोहीम काढली. त्यांत लोखंडी यंत्रमानव संगीत वाजवताना दाखवला होता आणि ‘डबाबंद’ संगीताला नाही म्हणा, असे प्रेक्षकांना विनवले होते. प्रेक्षकांनी जाहिरात वाचली आणि बोलपटाचे तिकीट काढले. त्यामागोमाग नाणे टाकताच तबकडी वाजवणारी ‘जूकबॉक्स’ यंत्रे उपाहारगृहांत शिरली. लहान नभोवाणी केंद्रेही तबकड्यांवरच दिवस काढू लागली. एका वादकाने एका दुपारी वाजवलेले संगीत आता शेकडो वादकांच्या पोटावर रात्रंदिवस पाय देत होते.

संघटनेचा अध्यक्ष जेम्स सीझर पेट्रिलो हा शिकागोचा. तरुणपणी तो ट्रम्पेट वाजवी. कानी पडलेल्या साक्षीनुसार फारसे चांगले नव्हे. संघटना चालवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जंतूंची त्याला एवढी धास्ती, की हस्तांदोलनासाठी तो केवळ करंगळी पुढे करी. वृत्तपत्रे त्याचे मधले नाव ‘सीझर’ न चुकता छापत. त्यातला टोमणा कोणालाही कळावा. परंतु त्याचा युक्तिवाद पोरकट नव्हता. बर्फ विकणाऱ्याने शीतपेटी बनवली नव्हती, टांगेवाल्याने मोटार बनवली नव्हती. आपल्याला बेकार करणारे यंत्र स्वतःच्या हातांनी तयार करून देणारा कारागीर एकच, तो म्हणजे वादक. हे त्याचे म्हणणे आजही खोडून काढणे अवघड आहे. १९३७ मध्येच त्याने शिकागोपुरती ध्वनिमुद्रणबंदी करून पाहिली होती. १९४० मध्ये तो राष्ट्रीय अध्यक्ष झाला आणि तोच प्रयोग देशभर करण्याचे त्याने ठरवले.

वेळ अत्यंत प्रतिकूल होती. देश महायुद्धात उतरलेला. लोकमत, वृत्तपत्रे, सरकार सारेच विरोधात. तबकड्यांच्या कंपन्यांनी आधी भरपूर मुद्रण उरकून साठा केला होता. तो आटू लागला तेव्हा गायकांना पुढे करण्यात आले, कारण गायक या संघटनेत नव्हते. १९४३ साली फ्रँक सिनात्राच्या काही तबकड्या निव्वळ समूहस्वरांच्या साथीने निघाल्या. वाद्य एकही नाही. सैनिकांसाठीच्या तबकड्यांना पेट्रिलोने सूट दिली. या बंदीची एक किंमत मात्र संगीताच्या इतिहासाने मोजली आहे. अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात तेव्हा चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी एकत्र वाजवत होते, जॅझची नवी भाषा तेथे घडत होती, आणि त्या वृंदाच्या १९४३ मधील वादनाची एकही तबकडी नाही.

१९४३ च्या आरंभी संघटनेने अखेर आपली मागणी मांडली: विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे काही सेंट संघटनेच्या निधीत जमा व्हावेत. डेक्का कंपनीने त्याच सप्टेंबरात करार केला. व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन बलाढ्य कंपन्या मात्र हटून बसल्या. वॉर लेबर बोर्डाने काम सुरू करण्याचा आदेश दिला. खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी तार करून विनंती केली. पेट्रिलोने दोन्हींना नकार दिला. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्या दोन्ही कंपन्या नमल्या.

निधीतील पैसा तबकडीत वाजवणाऱ्याला मिळायचा नव्हता. तो बेकार वादकांना काम देण्यासाठी होता. उद्याने, शाळा, रुग्णालये येथे लोकांसाठी विनामूल्य कार्यक्रम करायचे आणि वादकांना निधीतून मेहनताना द्यायचा, अशी योजना होती. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने संघटनेच्या ताब्यातील असा निधी बेकायदा ठरवला. म्हणून १९४८ मध्ये दुसरी बंदी आली, जवळजवळ वर्षभर टिकली, आणि निधी स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती गेला.

एवढ्यावर ही विजयगाथा संपवता आली असती. परंतु लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत वाजवणारे वादक कुरकुरू लागले होते. त्यांचे चित्रपट दूरदर्शनवर पुन्हा दाखवले जात आणि त्यापोटी येणारी रक्कम त्यांच्या हाती न पडता निधीत जाई. १९५५ मध्ये त्यांच्या वेतनवाढीचा पैसाही पेट्रिलोने तिकडेच वळवला. ट्रम्पेटवादक सेसिल रीड याने बंडाचे निशाण उभारले. १९५८ मध्ये स्टुडिओ-वादकांनी मतदान करून वेगळी संघटना निवडली. त्याच वर्षी पेट्रिलो पायउतार झाला. यंत्राने कमावलेल्या पैशावर साऱ्या व्यवसायाचा हक्क आहे, हे त्याचे तत्त्व मला उदात्त वाटते. पण ज्यांच्या कमाईतून ते पाळायचे त्यांना त्याने कधी नीट विचारले नाही. शिवाय ‘सारा व्यवसाय’ तरी एकसंध कोठे होता? शिकागोतच कृष्णवर्णीय वादकांची शाखा १९०२ पासून वेगळी होती. ती गोऱ्यांच्या शाखेत विलीन झाली १९६६ मध्ये. संप सर्वांवर सारखा बंधनकारक, स्टुडिओतील कामे मात्र सारखी नव्हेत.

मुंबईत हाच प्रश्न निराळ्या वाटेने आला. गोव्यातील चर्चशाळांत मास्तरांच्या छडीखाली स्वरलिपी शिकलेले तरुण येथे आधी मूकपटांच्या खळग्यांत, हॉटेलांत आणि बँडमध्ये वाजवत. पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदाचा ते कणा झाले. मोबदला शिफ्टच्या हिशेबाने मिळे. सिने म्युझिशियन्स असोसिएशनने वादकांच्या श्रेणी आणि दर ठरवून घेतले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तबकडी पुन्हा वाजली तर वादकाला काही मिळावे, हा विचार येथे रुजला नाही. साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीवरून लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात मतभेद होऊन काही वर्षे त्यांची युगुलगीते बंद पडली. त्या वादातही वादकांचे नाव कोणी काढले नाही. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा कायद्याने पक्का केला तो २०१२ च्या दुरुस्तीने. तोवर संगणकीय वाद्यांनी मोठे वाद्यवृंद कधीच मोडीत काढले होते.

त्याच २०१२ च्या जानेवारीत माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस वारले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तील एका गाण्यातून त्यांचे नाव देशभर झाले होते. त्या गाण्याला साथ करणाऱ्या वादकांची नावे तबकडीवर छापलेली नाहीत.