इंदापूरजवळ थांबलेला आवाज

आम्ही बारामतीकडची माणसे. सोलापूरच्या रस्त्याने इंदापूर ओलांडताना आम्हाला दरवेळी शाहीर अमर शेख आठवतात. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळच अपघातात त्यांचा अंत झाला.

बार्शीत १९१६ साली जन्मलेले हे मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबीच्या गाण्यांवर वाढले, मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भारून टाकली.

'मुसलमान असून मराठी इतके चांगले कसे बोलता?' हा प्रश्न आम्ही कितीदा ऐकला! ज्या राज्यासाठी एका मुसलमान शाहिराने जिवाचे रान केले, तिथे हा प्रश्न उरावाच कसा? पण दोष केवळ विचारणाऱ्यांचा नाही. आपल्या घरांत रफीसाहेबांच्या रेकॉर्डी जपल्या गेल्या. अमर शेखांचे 'कलश', 'धरतीमाता' किती कपाटांत आहेत? आम्हीही ते उशिराच वाचले.

त्या वाटेने मुलांसह जाताना एवढे तरी सांगू या : मराठी आपल्याला कोणी उसनी दिलेली नाही, आपल्या आयांनीच ती गायिली आहे.