कटु, कडू आणि एक पेला

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्याच्या घरी, हिवाळा सरता सरता, आमच्यापुढे राय घालून केलेल्या हंगामी बिअरचा पेला आला. ही राय म्हणजे आपली मोहरी नव्हे. उत्तर युरोपातल्या काळपट पावाचे ते धान्य. बाटलीवर ‘इंडिया पेल एल’ असे नाव होते आणि मद्यार्क 8 टक्के. ‘नावात आपला देश आहे,’ स्नेही अभिमानाने म्हणाले. आम्ही घोट घेतला. आधी संत्र्याच्या सालीचा आणि चिडाच्या डिंकाचा वास, मग हॉपचा ठसठशीत कडवटपणा आणि तो ओसरल्यावर जिभेच्या कडांवर मिरीसारखी बारीक चुणचुण.

या दोन्ही चवींना जोडणारा एक शब्द आपल्यापाशी आहे. षड्रसांतला ‘कटु’ म्हणजे मिरी-सुंठीचा तिखटपणा. निंबाच्या चवीला संस्कृतात ‘तिक्त’ म्हणतात. मराठीने ‘कटु’पासून ‘कडू’ हा शब्द घेतला, पण अर्थ मात्र ‘तिक्त’चा दिला. शब्द टिकला, त्याखालची वस्तू बदलली. आमच्या हातातल्या पेल्याचा इतिहासही काहीसा असाच आहे.

हॉप ही एक वेल. तिच्या शंकूसारख्या मादीफुलांतून बिअरला कडवटपणा येतो. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठाधिपती विदुषीने नोंदवून ठेवले, की हॉपचा कडूपणा पेयाला नासू देत नाही. म्हणजे आज रसिकतेचा विषय झालेला हा कडवटपणा एकेकाळी टिकाऊपणाची सोय होता.

रायची कथा निराळी. 23 एप्रिल 1516 रोजी बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे फर्मान काढले, की बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज काही असू नये. गहू आणि राय पावासाठी राखून ठेवण्याचा त्यामागे हेतू असावा, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. पुढे गव्हाच्या बिअरचा मक्ता राज्यकर्त्यांनी स्वतःकडेच घेतला. शुद्धतेच्या नावाखाली महसुलाचाही विचार होता, हे यावरून ध्यानात यावे. राय मात्र बाजूला पडली. फिनलंडची साहती, रशियातील क्वास अशा घरगुती पेयांत ती तग धरून राहिली.

आता त्या ‘इंडिया’कडे वळू. प्रचलित आख्यायिका अशी, की लंडनच्या बो भागातील हॉजसन याने हिंदुस्थानच्या लांब सागरी प्रवासासाठी मुद्दाम अधिक तीव्र, अधिक हॉपची बिअर शोधून काढली. पुरावा मात्र या कथेला साथ देत नाही. ऑक्टोबरात गाळून दीर्घकाळ मुरवत ठेवायची जहाल, हॉपयुक्त बिअर इंग्लंडात आधीपासूनच होती. हॉजसनची खरी जमेची बाजू म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचा धक्का त्याच्या जवळ होता आणि कप्तानांना तो लांब मुदतीची उधारी देत असे. पुढे 1822 च्या सुमारास बर्टनच्या ऑल्सॉप यांनी ही बाजारपेठ हेरली. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव छापील स्वरूपात आढळते ते 1829 साली, सिडनीच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत! मुंबई, मद्रास, कलकत्ता ही या पेयाची जन्मस्थाने नव्हेत. ते त्याचे पत्ते होते. पिणारे मुख्यतः गोरे अधिकारी आणि व्यापारी. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला बहुधा काळी पोर्टर येई.

आजचा पेला या परंपरेचा थेट वंशजही नाही. 1972 मध्ये अमेरिकेत कॅस्केड नावाचे हॉपचे वाण प्रसृत झाले आणि 1978 च्या कायद्याने घरी बिअर गाळण्यास मुभा दिली. त्यातून छोट्या भट्ट्यांची एक पिढी उभी राहिली. अधिकाधिक हॉप घालण्याच्या चढाओढीत कोणीतरी बाजूला पडलेली राय पुन्हा जवळ केली. हे धान्य वागवायला अवघड. त्याला टरफल नसते, शिजवताना लापशी चिकट होऊन गाळणे अडते. म्हणून बहुधा दहा-वीस टक्केच घालतात. तेवढ्यानेही घोटाला अंग येते. त्या तिखटपणाविषयी मात्र रसज्ञांत मतभेद आहेत. रायच्या पावात शहाजिरे घालण्याची रीत असल्याने ती चुणचुण धान्याची नसून जिभेच्या स्मृतीची आहे, असेही काहीजण म्हणतात.

हे सारे ऐकून स्नेही किंचित हिरमुसले. त्यांचे हिरमुसणे आम्हाला समजते; परदेशी बाटलीवर स्वदेशाचे नाव दिसले की मन त्यात आपला वाटा शोधू लागते. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला ही सवय महागात पडते. नाव हा उगमाचा पुरावा नसतो. पुष्कळदा तो व्यवहाराचा, सत्तेचा, कधी निव्वळ गैरसमजाचा ठसा असतो. ‘कडू’ म्हणताना आपण ‘कटु’ विसरलो, म्हणून मराठी उणी ठरली नाही. पेल्यातल्या ‘इंडिया’चेही तसेच. तो आपला नव्हता, हे कळल्यावरही शेवटचा घोट पहिल्याइतकाच कडू होता. आणि, संस्कृत अर्थाने, कटुही.