जलरंगाचा कुंचला : केस कोणते निवडावेत?

प्रतिनिधी

शासकीय रेखाकला परीक्षांचा हंगाम जवळ आला, की शहरातील रंगसाहित्याच्या दुकानांत विद्यार्थ्यांची आणि पालकांची गर्दी होऊ लागते. रंग कोणते घ्यावेत, कागद किती जाड असावा, याची चौकशी होते. कुंचल्याच्या बाबतीत मात्र 'चार नंबर द्या, आठ नंबर द्या' यापलीकडे सहसा कोणी जात नाही. वास्तविक क्रमांक केवळ आकार सांगतो. कुंचला पाणी किती धरील, टोक राखील का, दोन वर्षे टिकेल की दोन महिन्यांत झाडूसारखा पिंजारेल, हे त्याचे केस ठरवतात. आपल्या देशात या निवडीला आणखी एक बाजू आहे. काही केस बाळगणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि अनेक ग्राहकांना त्याची कल्पनाही नसते.

कुंचल्याकडून अपेक्षा काय?

जलरंग हे मुळात पाण्याचे माध्यम आहे. तैलरंगाचा कुंचला घट्ट रंग ढकलतो. जलरंगाच्या कुंचल्याला पाणी वाहून न्यावे लागते. म्हणून त्याच्यात चार गुण पाहिले जातात. पहिला, पोटात भरपूर पाणी धरण्याचा. दुसरा, ते पाणी एकदम न सांडता हाताच्या दाबानुसार सोडण्याचा. तिसरा, ओला असताना अणकुचीदार टोक धरण्याचा. चौथा गुण लवचिकतेचा, म्हणजे कागदावर वाकल्यावर पुन्हा सरळ होण्याचा.

नैसर्गिक केसाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खवले असतात. त्यांच्यात आणि केसाकेसांमधील फटींत पाणी अडकून राहते. शिवाय चांगला केस मध्यभागी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो. असे शेकडो केस एकत्र बांधले, की मध्ये फुगीर पोट आणि पुढे टोक असा आकार आपोआप तयार होतो. उत्तम कुंचल्याचे टोक कात्रीने कापून केलेले नसते. कारागीर केसांची नैसर्गिक टोके पुढे ठेवून जुडी बांधतो आणि जास्तीचा भाग मुळाकडून कापतो. टोकाकडून कापलेला केस बोथट होतो आणि त्याची बारीक रेषा कधीच उमटत नाही.

कोलिन्स्की सेबल

जलरंगासाठी सर्वोत्तम मानला जाणारा केस म्हणजे कोलिन्स्की सेबल. नावात 'सेबल' असले तरी सेबल या प्राण्याशी त्याचा संबंध नाही. मुंगसासारख्या लांबट शरीराच्या सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीचे हे केस असतात. सायबेरिया आणि ईशान्य चीनच्या कडाक्याच्या थंडीत या प्राण्याच्या अंगावर जी हिवाळी लव येते, तीच कुंचल्याला उपयोगी पडते. हा केस पाणी भरपूर धरतो, टोक सुईसारखे ठेवतो आणि वाकवल्यावर लगेच ताठ होतो. आकाशाचा मोठा वॉश आणि झाडाची बारीक फांदी ही दोन्ही कामे एकाच कुंचल्याने होतात, ती या गुणांमुळे.

या कुंचल्याची कीर्ती वाढविण्यात इंग्लंडच्या राजघराण्याचाही वाटा आहे. विन्सर अँड न्यूटन या कंपनीला १८६६ मध्ये राणी व्हिक्टोरियासाठी उत्कृष्ट जलरंग कुंचले तयार करण्याचा आदेश मिळाला. राणीच्या आवडीचा आकार सात क्रमांकाचा होता. त्यावरून त्या मालिकेचे नाव 'सीरीज ७' पडले, असे कंपनी सांगते.

दोष म्हणाल तर दोन. एक किंमत; मोठ्या क्रमांकाचा एक कुंचला काही हजार रुपयांना पडतो. दुसरा दोष पुरवठ्याचा. हा वीझल हिमालयातही आढळतो आणि वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइटस' कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात भारतानेच त्याची नोंद करवून घेतली आहे. त्यामुळे त्याच्या केसांचे कुंचले सीमेपार नेताना उगमाची कागदपत्रे लागतात. परदेशातून कुणाकडून कुंचले मागवण्यापूर्वी हे ध्यानात ठेवलेले बरे.

नुसते 'रेड सेबल' असे लिहिलेले कुंचले याच कुळातील प्राण्यांच्या तांबूस केसांचे असतात. ते कोलिन्स्कीपेक्षा स्वस्त असतात आणि त्यांची उसळी कमी असते.

खारीचे केस

खारीच्या शेपटीचे केस अत्यंत मऊ आणि बारीक असतात. पाणी धरण्यात ते सेबललाही मागे टाकतात. मोठा कागद एका दमात ओला करणे, आकाश किंवा पाण्याचा सलग वॉश देणे, ओल्या रंगात ओला रंग सोडणे, या कामांसाठी 'मॉप' प्रकारचे गोल, गुबगुबीत कुंचले खारीच्या केसांचेच पसंत केले जातात. त्यांचे टोकही चांगले येते. परंतु त्यांच्यात उसळी जवळजवळ नसते. कागदावर टेकवला की कुंचला लवतो आणि तसाच राहतो. त्यामुळे नवशिक्याचा हात त्यावर बसत नाही. राजस्थानातील लघुचित्रकारांनी पिढ्यान्पिढ्या खारीच्या केसांचे कुंचले वापरले. मात्र तो कुंचला मूठभर केसांचा असतो आणि तो चालविण्यामागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो.

शेळी, बैल आणि डुक्कर

शेळीचे केस मऊ, स्वस्त आणि पाणी पिणारे असतात. चिनी व जपानी लेखन-चित्रणाचे कित्येक कुंचले याच केसांचे असतात. 'हाके' नावाचा रुंद, चपटा जपानी कुंचला पार्श्वभूमी रंगविण्यास सोयीचा पडतो. शेळीच्या केसाला उसळी कमी आणि बारीक टोकही बेताचे. बैलाच्या कानातील केस मजबूत आणि लवचिक असतात. पण टोक धरत नाहीत, म्हणून त्यांचा वापर चपट्या कुंचल्यांत अधिक होतो. डुकराचे राठ केस तैलरंगासाठीच योग्य. जलरंगात त्यांचा एकच उपयोग होतो. वाळलेला रंग ओला करून कागदावरून उचलायचा असेल, तर असा जुना कुंचला कामी येतो.

'कॅमल हेअर'चा घोळ

दुकानात 'कॅमल हेअर' अशी पाटी दिसली म्हणून ते उंटाचे केस समजू नयेत. उंटाचे केस लोकरीसारखे कुरळे असतात आणि कुंचल्याला निरुपयोगी. खार, शेळी, घोडा अशा प्राण्यांच्या स्वस्त केसांना किंवा त्यांच्या मिश्रणाला व्यापारात हे नाव पडले आहे. एकाच नावाखाली दोन कारखान्यांचे दोन कुंचले सर्वस्वी वेगळे निघू शकतात. आपल्याकडे हा घोळ अधिकच वाढतो, कारण दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनची 'कॅमल' ही मुद्रा घराघरांत परिचित आहे. ते व्यापारचिन्ह आहे, केसांचा प्रकार नव्हे. कुंचला कोणत्याही कंपनीचा असो, केस कोणते आहेत हे स्वतंत्रपणे विचारावे.

मुंगसाचे केस : गुन्हा ठरणारी खरेदी

मुंगसाचे केस बळकट असतात, टोक चांगले धरतात आणि त्यांना उसळी असते. त्यामुळे भारतात अनेक वर्षे हे कुंचले सर्रास विकले गेले आणि चित्रकारांनी विश्वासाने वापरले. आज चित्र वेगळे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मुंगूस हा संरक्षित प्राणी आहे. त्याची शिकार करणे, केस बाळगणे, त्यांपासून बनविलेल्या कुंचल्यांची खरेदी-विक्री करणे या सर्वांसाठी तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते.

मुंगसाचे केस कातरून घेतले जात नाहीत. त्यासाठी प्राणी मारला जातो. एका मुंगसापासून कुंचल्याच्या योग्यतेचे जेमतेम २० ग्रॅम केस मिळतात, असा वन्यजीव क्षेत्रातील संस्थांचा अंदाज आहे. म्हणजे किलोभर केसांसाठी सुमारे ५० मुंगसांचा बळी जातो. शेतात उंदीर आणि साप यांच्यावर वचक ठेवणाऱ्या या प्राण्याची अशी हानी शेतकऱ्यालाही परवडणारी नाही. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने अनेक राज्यांत छापे घालून असे कुंचले आणि कच्चे केस जप्त केले. उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातील शेरकोट हे कुंचलेनिर्मितीचे मोठे केंद्र. कारवाईचा रोख तेथेही होता.

मुंगसाचा केस ओळखावा कसा? त्याचे टोक गडद तपकिरी, मध्ये फिकट पिवळसर पट्टा आणि खाली पुन्हा गडद रंग असतो. परंतु कृत्रिम तंतूंनाही असाच रंग दिलेला आढळतो, त्यामुळे केवळ रंगावरून निष्कर्ष काढता येत नाही. गळून पडलेला एखादा केस जाळून पाहिल्यास फरक कळतो. प्राण्याचा केस जळताना केस जळल्याचा परिचित वास येतो आणि राख चुरगळते. नायलॉनचा तंतू वितळून त्याची कडक गुठळी होते. अर्थात या परीक्षेने केस प्राण्याचा आहे एवढेच समजते, कोणत्या प्राण्याचा हे समजत नाही. म्हणून विक्रेत्याला केसांचा प्रकार स्पष्ट विचारावा, बिल घ्यावे आणि उत्तर मोघम मिळाल्यास खरेदी टाळावी.

कृत्रिम तंतू

नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या तंतूंचे कुंचले आज सर्वत्र मिळतात. सुरुवातीच्या काळात ते बदनाम होते, आणि त्याला कारणही होते. गुळगुळीत तंतूवर पाणी ठरत नसे. कुंचला कागदाला टेकताच सारा रंग एकाच ठिकाणी ओघळे. पुढे तंतूंची टोके निमुळती करणे, निरनिराळ्या जाडीचे तंतू एकत्र बांधणे, त्यांना सूक्ष्म लहरी देणे अशा सुधारणा झाल्या. आज सेबलची किंवा खारीची नक्कल करणारे कृत्रिम कुंचले पुष्कळ प्रमाणात त्या गुणांच्या जवळ पोहोचले आहेत. पाणी धरण्यात ते अजून थोडे कमी पडतात आणि काही काळाने त्यांचे टोक आकड्यासारखे वळते. परंतु ते स्वस्त आहेत, त्यांना कसर लागत नाही, पोस्टर रंग आणि ॲक्रिलिकलाही ते चालतात आणि त्यांच्यासाठी कोणताही प्राणी मरत नाही. नैसर्गिक केस आणि कृत्रिम तंतू यांचे मिश्रण असलेले कुंचलेही मिळतात. त्यांत पाणी धरण्याचे काम केस करतात, तर उसळी तंतू देतात.

दुकानातील पारख

नव्या कुंचल्याचे टोक डिंक किंवा खळ लावून बसविलेले असते. त्या टोकावर विसंबू नये. विक्रेत्याकडे वाटीभर पाणी मागावे. कुंचला त्यात हलवून खळ पूर्ण जाऊ द्यावी आणि मनगटाने एक झटका द्यावा. चांगल्या कुंचल्याचे सर्व केस एकवटून एकच टोक येते. दोन टोके आली किंवा केस फिस्कारले, तर तो कुंचला परत करावा. मग ओले टोक तळहातावर हलके दाबून उचलावे आणि ते किती लवकर सरळ होते ते पाहावे. धातूची नळी दांड्यावर हलत नाही ना, तिला सांधा नाही ना, हेही तपासावे. सांध्यातून पाणी आत शिरते आणि दांडा फुगून रंग सुटू लागतो. क्रमांकांना सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा आठ क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या दहाएवढा असू शकतो. म्हणून क्रमांकापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवावा.

कोणी काय घ्यावे?

शालेय विद्यार्थ्यांना आणि एलिमेंटरी, इंटरमीडिएटच्या परीक्षार्थींना चांगल्या प्रतीचे कृत्रिम कुंचले पुरेसे आहेत. बारा नगांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा एक बारीक, एक मध्यम, एक मोठा गोल आणि एक चपटा असे चार कुंचले पारखून घ्यावेत. निसर्गचित्रणाची गोडी लागलेल्यांनी वॉशसाठी खारीच्या धर्तीचा कृत्रिम मॉप जोडावा. नियमितपणे पारदर्शक जलरंगात काम करणाऱ्याला, ऐपत असल्यास, अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला एकच मध्यम कोलिन्स्की पुष्कळ वर्षे साथ देतो. मात्र असा कुंचला ॲक्रिलिक किंवा मास्किंग फ्लुइडमध्ये कधीही बुडवू नये. एका वापरात तो निकामी होतो.

निगा

कुंचला पाण्याच्या भांड्यात टोकावर उभा ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक होय. त्याने टोक कायमचे वाकते आणि नळीत पाणी मुरते. काम संपताच कुंचला गार किंवा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावा, बोटांनी टोक करावे आणि आडवा ठेवून वाळवावा. पुरता वाळल्यावाचून डबीत बंद करू नये. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत केसांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. दीर्घकाळ न वापरलेल्या नैसर्गिक केसांना कसर लागते, त्यासाठी डबीत डांबरगोळी ठेवावी.

आबालाल रहिमान आणि सा. ल. हळदणकर यांच्यासारख्या चित्रकारांनी महाराष्ट्रात जलरंगाची परंपरा समृद्ध केली. त्यांच्या पिढीपुढे प्राण्यांच्या केसांवाचून दुसरा पर्याय नव्हता. आज तो आहे आणि बहुतेकांच्या गरजेला तो पुरून उरतो. म्हणून कुंचला घेताना क्रमांकाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, 'केस कशाचे आहेत?' त्या एका प्रश्नाने पैसे वाचतील, चित्र सुधारेल आणि एखाद्या बांधावरचे मुंगूसही वाचेल.