नहर, नाला आणि पोटखराबा

शब्दांचे अवमूल्यन कसे होत जाते हे पाहण्यासाठी दर वेळी कोशच उघडावा लागतो असे नाही. कधी कधी शहराचा नकाशाही पुरतो. 'नाला' या शब्दाचेच पाहा. पावसाळी पाण्याचा लहान प्रवाह, ओढ्याचा सख्खा भाऊ, असा त्याचा सरळ अर्थ. आज शहरात हा शब्द उच्चारला की ऐकणारा नाकाला रुमाल लावतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वीचे औरंगाबाद, या शहरात तर एका नदीचीच अशी पदावनती झाली. जटवाड्याच्या डोंगरांतून निघून हर्सूलवरून, पाणचक्कीच्या पायथ्याशी वळण घेऊन छावणीकडे जाणारी खाम अनेकांच्या तोंडी नदी न राहता नाला झाली. हा केवळ बोलीचा ढिलेपणा नव्हे. शहराने पावसाच्या पाण्याशी असलेले आपले नाते कसे बदलले, याचा इतिहास या एका शब्दात साठलेला आहे. प्रस्तुत लेखात तो उलगडण्याचा प्रयत्न आहे.

आरंभ अर्थातच मलिक अंबरापासून करावा लागतो. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. गावाच्या नावातच अडचण सांगितलेली होती: खाली बेसॉल्टचा कातळ, वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस आणि बारमाही म्हणावी अशी मोठी नदी जवळपास नाही. अंबराने डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालच्या नळातून, केवळ उताराच्या बळावर, वस्तीत आणले. ठिकठिकाणी आत उतरून साफसफाई करता येईल अशी विवरे आणि दाब सांभाळणारे उभे बंबे अशी ही रचना. तीच 'नहर-ए-अंबरी'. पुढील राजवटींत आणखी नहरी झाल्या. परंपरा त्यांची संख्या बारा सांगते. पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरत होती.

नहरींचे कौतुक आपण स्थापत्याचा चमत्कार म्हणून करतो. त्यामागचे गृहीतक मात्र सहसा सुटते. नहर पाणी निर्माण करीत नाही. मुरलेले पाणी ती फक्त वाहून आणते. डोंगरउतारावर पडलेला पाऊस जमिनीत शिरला तरच नहरीला पाणी. तो पृष्ठभागावरून धावत सुटला, तर तोच खामेचा पूर. नहर आणि नाला ही म्हणजे एकाच पावसाची दोन प्राक्तने होत, आणि कोणते प्राक्तन वाट्याला येणार हे ठरते वरच्या अंगाच्या जमिनीचे आपण काय करतो त्यावरून. दख्खनच्या इतिहासात अंबराचे नाव आणखी एका कारणाने घेतले जाते: जमिनीची मोजणी आणि त्यावर आधारलेली महसुलाची घडी. जमीन मोजणारा आणि पाणी वळवणारा माणूस येथे एकच होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढच्या काळात ही दोन कामे दोन कचेऱ्यांत गेली आणि त्या कचेऱ्यांचे एकमेकींशी बोलणे कमी होत गेले.

महसुली कागदांची भाषा यासंदर्भात पाहण्यासारखी आहे. सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य क्षेत्रासाठी 'पोटखराबा' हा शब्द येतो. त्याचे दोन वर्ग आहेत. पहिला कातळ, खडकाळ माळ अशा निकस जमिनीचा. दुसऱ्या वर्गात सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन, रस्ता, मान्य पायवाट, आणि धारकाशिवाय इतर लोकही ज्याचे पाणी वापरतात असा तलाव किंवा प्रवाह येतो. म्हणजे गावाचा ओढा कायद्याने सर्वांचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नद्या-नाले शासनाचे मानते. पण नोंदवहीत तो बसला 'खराबा' या सदरात. पिकाच्या दृष्टीने हे रास्तच होते, कारण ओढ्यात ज्वारी होत नाही. शेत जाऊन त्या जागी प्लॉट आले, तेव्हा मात्र हाच शब्द घातक ठरला. जे मुळात 'खराब' ते भरून सरळ केले, तर बिघडले कोठे?

शहर मोठे होण्याचा काळही नेमका हाच. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण. पैठणहून उपसलेले पाणी शहराला मिळू लागले. चिकलठाणा, पुढे वाळूज येथे उद्योग आले, सिडकोने नवे औरंगाबाद आखले, ८ डिसेंबर १९८२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. जायकवाडीचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याने एक सूक्ष्म मानसिक बदल घडवला. पिण्याचे पाणी नळातून येणार म्हटल्यावर अंगणात पडणाऱ्या पावसाशी शहराचे देणेघेणे संपले. तो आता केवळ 'निचरा' करण्याची वस्तू झाला. नहरींवर बांधकामे चढली, त्यांचे अनेक भाग बुजले, आणि ज्या पाण्याने त्या भरत ते पाणी नाल्यात जाऊ लागले. पुढे नळालाच कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचे दिवस शहराने अनुभवले, तेव्हा या व्यवहारातला तोटा उघडा पडला.

या साऱ्याचे नियमन नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. महापालिका कायद्याने गटारे व नाल्या बांधणे, त्यांची निगा राखणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम विकास आराखड्याची चौकट देतो. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत पहिलाच विषय नगररचनेचा आहे. नदीसाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात: पहिली सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ओढ्याच्या वाट्याला अशा रेषा बहुधा येत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई व काही क्षेत्रे वगळता राज्यभर लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामास पर्जन्यजल संधारणाची सक्ती केली आहे.

आता येथे क्षणभर थांबून एक साधे गणित करू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. औरंगाबादेत गेल्या काही दशकांत शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून शंभराहून अधिक वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना नावच 'गुंठेवारी' पडले. २००१ मध्ये राज्याने त्या नियमित करण्याचा कायदा केला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. पाचशे मीटरचा नियम आणि शंभर मीटरचा प्लॉट! ज्या प्रकारच्या वसाहतींनी शहराची जमीन मोठ्या प्रमाणावर झाकली, त्यांतले एकेक घर नियमाच्या उंबरठ्याखालून सहज निघून जाते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० मिलिमीटरच्या एका सरीत एका गुंठ्यावर ५ हजार लिटर, एका एकरावर २ लाख लिटर पाणी पडते. पूर्वी त्यातला बराच वाटा माती राखून ठेवी आणि उरलेले सावकाश सोडी. छत आणि काँक्रीटचे अंगण ते जवळजवळ सगळे, आणि तेही मिनिटांत, उताराला लावून देतात. कोणत्याही एका घराने पूर आणलेला नसतो. पण पूर घराघरांनीच आणलेला असतो.

मुंबईने हा धडा २६ जुलै २००५ रोजी भयंकर किंमत मोजून घेतला. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटरच्या हिशेबाने आखलेली होती. त्या आपत्तीची कारणे शोधणाऱ्या समितीचे अध्यक्षपद औरंगाबादेत दीर्घकाळ वास्तव्य केलेले जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्याकडे होते, हा योगायोगही अर्थपूर्ण आहे. अमेरिकेतील अनेक स्थानिक संस्था विकसकाला विचारतात, 'तुझ्या बांधकामापूर्वी या जमिनीवरून जितक्या वेगाने पाणी वाहत होते, त्याहून अधिक वेगाने ते आता वाहणार नाही ना?' प्रश्न साधा आहे, पण तो जबाबदारीची जागा बदलतो. आपल्याकडे पूर आला की दोष नाल्याकाठच्या झोपडीवर येतो, कारण ती दिसते. वरच्या अंगाला माळ फरसबंद करणारा दिसत नाही; त्याच्याकडे तर मंजुरीचा कागदही असतो. नाल्याकाठच्या माणसाला हटवण्यात जेवढी तत्परता दिसते, तेवढी उताराच्या माथ्यावर हा प्रश्न विचारण्यात दिसत नाही. न्यायाचा मुद्दा आहे तो हा.

गेल्या काही वर्षांत, २०२१ च्या आसपासपासून, महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांनी मिळून खामेचे पुनरुज्जीवन हाती घेतले. काठ साफ झाले, झाडे लागली, लोक नदीवर फिरायला येऊ लागले. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की 'नदी' हा शब्द पुन्हा वापरात आला. पण नदी काठावर सुरू होत नाही. ती सुरू होते डोंगरउतारावर, माळावर, एखाद्या गुंठ्याच्या पन्हळीत. तेथवर नियमाचा आणि आपल्या भाषेचाही हात पोचायला हवा.

साहित्याच्या अभ्यासकाने यात काय करावे, असे कोणी विचारील. कायदा शब्दांनीच बनतो, आणि शब्द ही आपली कामगिरी आहे. ज्या प्रवाहाला आपण चारशे वर्षांत नहरीच्या भाग्यापासून नाल्याच्या दुर्भाग्यापर्यंत आणले, त्याला नोंदवहीत 'खराबा' म्हणत राहायचे की आणखी काही, हा प्रश्न एकट्या नगररचनाकाराचा नाही.