लाइट असताना मेणबत्ती कोण घेतं?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुरू करतो. लातूरच्या एका जोडप्याने पाठवलाय. नाव सांगू नका म्हणाले, म्हणून सांगत नाही. मेसेज असा: “दादा, आम्ही दोघं घरीच हाताने मेणबत्त्या करून विकायचं ठरवतोय. थोडे पैसे साठवलेत. पण सासूबाई म्हणतात, आता घरोघरी लाइट असताना मेणबत्ती कोण घेतं?”

मी तो मेसेज दोनदा ऐकला. खरं सांगू का, सासूबाईंचं काही चुकत नाही. धंद्यात पैसे घालण्याआधी हाच प्रश्न पहिला विचारला पाहिजे. तर आज त्याचंच उत्तर शोधू. थोडं जुन्या काळात जाऊ, मग महाबळेश्वरच्या एका हातगाडीपाशी थांबू आणि शेवटी परत आपल्या नांदेड-लातूरला येऊ.

मेण आलं कुठून?

शब्दच बघा. मेण आणि बत्ती. मेण म्हणजे आधी मधमाशीचं मेण. ते महाग, म्हणून ती मेणबत्ती साध्या घरातली गोष्ट कधीच नव्हती. आपल्याकडे तेलाचा दिवा होता, पुढे रॉकेलची चिमणी आणि कंदील आले. युरोपातही गरिबाच्या घरी जनावराच्या चरबीची बत्ती जळायची. तिचा धूर व्हायचा, वास यायचा.

ही परिस्थिती १९व्या शतकात बदलली. शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने चरबी कशाची बनलेली असते हे उलगडलं. त्यातून स्टिअरिन मिळालं. ते कडक असतं आणि स्वच्छ जळतं. १८३४ मध्ये इंग्लंडात जोसेफ मॉर्गनने साच्यातून भराभर मेणबत्त्या काढणारं यंत्र आणलं. १८५० मध्ये जेम्स यंगने पॅराफिनचं पेटंट घेतलं. पुढे हे पॅराफिन खनिज तेलातून स्वस्तात निघायला लागलं. आपल्या देशात आसाममधल्या डिगबॉईची रिफायनरी १९०१ मध्ये सुरू झाली आणि ती मेणासाठी ओळखली जाते.

हे का सांगतोय? कारण दुकानातून तुम्ही आणता ते पांढरं मेण म्हणजे क्रूड तेलाचाच एक भाग. क्रूड महागलं की मेण महागतं. आज काढलेला भाव सहा महिन्यांनी तोच राहील असं धरून चालू नका.

दिवा आला, तरी मेणबत्ती राहिली

१८७९ मध्ये एडिसनचा बल्ब आला. उजेडाची वस्तू म्हणून मेणबत्तीचा काळ तिथूनच उतरणीला लागला. आपल्याकडे मात्र ती बराच काळ तग धरून होती, आणि त्याचं कारण तुम्हाला माहितेय: लोडशेडिंग! माझ्या लहानपणी नांदेडला संध्याकाळी लाइट गेली की आई आधी म्हणायची, “मेणबत्ती कुठंय रे?” देवघरात नाही, टीव्हीवर नाही, शेवटी सापडायची फ्रिजच्या वर. अभ्यास त्याच उजेडात. मग इन्व्हर्टर आले, एलईडी आले, मोबाइलमध्येच टॉर्च आला. ती मेणबत्ती घरातून गेली. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर तीच असणार.

पण आता १९६९ सालच्या अमेरिकेत चला. घरोघरी वीज आहे, टीव्ही आहे, माणूस चंद्रावर जाऊन आलाय. मॅसॅच्युसेट्समध्ये माइक किट्रेज नावाच्या एका पोराने घरीच मेणाचे रंगखडू वितळवून आईला द्यायला मेणबत्ती केली. ती शेजारणीला आवडली आणि तिने विकत मागितली. त्यातून यँकी कँडल ही मोठी कंपनी उभी राहिली. शेजारणीच्या घरी लाइट नव्हती का? होती की. तिला हवी होती भेटवस्तू, रंग, वास, घरातलं वातावरण.

म्हणजे उत्तराचा पहिला भाग मिळाला. उजेडासाठी कुणी घेत नाही. देण्यासाठी, सजवण्यासाठी, वासासाठी घेतात.

महाबळेश्वरची हातगाडी

आता आपल्या राज्यातली गोष्ट. भावेश भाटिया. मूळचं कुटुंब गोंदियाचं. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने ऐन तारुण्यात त्यांची दृष्टी गेली. नोकरीही गेली, आणि आईचा कॅन्सर घराने सोसला. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये ते मेणबत्त्या करायला शिकले. मग काय, रात्री मेण ओतायचं आणि दिवसा महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडी लावायची. गाडीसुद्धा भाड्याची, दिवसाला ५० रुपये. रोजच्या विक्रीतले २५ रुपये दुसऱ्या दिवसाच्या मालासाठी बाजूला ठेवायचे, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलंय.

त्याच गाडीवर एक दिवस एक बाई मेणबत्त्या घ्यायला थांबल्या. त्या नीता. ओळख झाली, पुढे लग्न झालं. छोटंसं घर. ज्या भांड्यांत नीताताई स्वयंपाक करायच्या, त्याच भांड्यांत भावेशजी मेण वितळवायचे. (तुम्ही हे करू नका बरं का! मेणाचं पातेलं वेगळंच ठेवा.) नीताताईंनी दुचाकी घेतली आणि माल गावात पोचवू लागल्या. पुढे धंदा वाढला, तशी त्या व्हॅन चालवायलाही शिकल्या. साताऱ्याच्या एका बँकेने अंध व्यक्तींसाठीच्या योजनेतून १५,००० रुपयांचं कर्ज दिलं. त्यातून १५ किलो मेण, दोन साचे आणि एक गाडी आली. आज ‘सनराइज कँडल्स’ मोठा उद्योग आहे आणि तिथे अंध कामगार मेणबत्त्या घडवतात.

ही गोष्ट बहुतेक वेळा एकट्या भावेशजींची म्हणून सांगितली जाते. त्यांची जिद्द मोठी आहेच. पण जरा हिशोब मांडून बघा. मेणबत्ती तयार होणं हा अर्धा धंदा. ती बाजारात पोचणं, दुकानदाराशी बोलणं, पैसे वसूल होणं, हा उरलेला अर्धा. ती दुचाकी नसती तर माल रोज किती लांब गेला असता? मला तर वाटतं, मेणबत्तीच्या या इतिहासात दुचाकीलाही साच्याइतकीच जागा द्यायला हवी.

आता आपल्या गावात

लातूरच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, महाबळेश्वर जसंच्या तसं इथे उचलून आणता येणार नाही. तिथे थंड हवा आहे आणि बारा महिने पर्यटक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो. पॅराफिन साधारण ५५ ते ६० अंशांना वितळतं, सोया वॅक्स तर ५०च्या आसपास. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तुमची गुलाबाच्या आकाराची मेणबत्ती सकाळी गुलाब आणि दुपारी थालीपीठ! म्हणून सुरुवात काचेच्या ग्लासातल्या मेणबत्तीने करा. उन्हाळ्यात माल साठवू नका. नवरात्रापासून नाताळापर्यंतचा हंगाम धरा.

दुसरं म्हणजे सोयाबीन. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचे ढीग लागतात आणि शहरी गिऱ्हाईक आज सोया वॅक्सची मेणबत्ती मागतं. मग आपल्याच सोयाबीनचं मेण घरी करता येईल का? नाही. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करावं लागतं, वनस्पती तूप करतात तसं. ते कारखान्याचं काम. पण डबीवर सोयाबीनची गोष्ट लिहायला लातूरएवढं योग्य गाव कुठलं?

तिसरी गोष्ट कायद्याची. मेणाच्या मेणबत्त्या आपल्या देशात लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. मोठ्या कारखान्यांना त्यात सहज उतरता येत नव्हतं. लोणचं, अगरबत्ती, काडेपेटी यांच्यासोबत शेवटच्या २० वस्तूंचं ते आरक्षण एप्रिल २०१५ मध्ये उठलं. म्हणजे आता कुंपण नाही. साधी पांढरी मेणबत्ती करून कारखान्याच्या भावाशी भांडलात तर हराल. हाताचं काम दिसेल अशीच वस्तू करा.

आणि सुरक्षितता. मेण थेट आचेवर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. मेण पेटलं तर पाणी अजिबात टाकू नका, गॅस बंद करून वर झाकण ठेवा. घरात लहान लेकरू असेल तर ते झोपल्यावरच काम.

शेवटचं

मेसेजमध्ये दादांनी सगळं सांगितलं. मी हे करणार, मी ते शिकलो. ताईंचा आवाज फक्त शेवटी आला. त्या म्हणाल्या, “आणि मी पॅकिंग करीन.” ते ऐकून हा भाग करायचं ठरलं बघा. ताई, पॅकिंग, इन्स्टावरचे फोटो, ऑर्डर घेणं, उधारी मागणं, हे सगळं तुम्ही करणार असाल तर तुम्ही मदतनीस नाही, अर्ध्या मालकीण आहात. एकाच्या नावाने नोंदणी केली तर कागदावर मालक एकच राहतो. दोघांची नावं हवी असतील तर भागीदारी करा, बँक खातंही तसंच काढा. हे बोलणं पहिलं मेण वितळवायच्या आधी करा. पैसे यायला लागल्यावर ते अवघड होतं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, प्रश्न एकदम बरोबर होता. पहिल्या दहा मेणबत्त्या नात्याबाहेरच्या माणसांना विका, फुकट वाटू नका. पैसे देऊन किती जण घेतात ते मोजा आणि तो आकडा मला कळवा. चांगला असो वा वाईट, पुढच्या एखाद्या भागात सांगूच.

चला, भेटू लवकरच. काळजी घ्या!