दिशांनी बोलणारी भाषा

वस्तूचे स्थान दाखवणारी ‘पुढे’, ‘मागे’, ‘उजवीकडे’ यांसारखी अव्यये माणसाच्या देहरचनेवरून घडली असून सर्व भाषांत त्यांचे मूळ तेच असणार, असे युरोपीय विचारात दीर्घकाळ गृहीत धरले गेले. इमॅन्युएल कांट यांनीही १७६८ च्या एका निबंधात दिशांचे ज्ञान शरीराच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या जाणिवेवर आधारले होते. या गृहीताला सर्वांत मोठा धक्का ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरील गूगू यिमिथिर या भाषेने दिला. जून १७७० मध्ये प्रवाळखडकावर आदळलेले एंडेव्हर जहाज जेथे दुरुस्तीसाठी थांबले, त्या नदीकाठी जेम्स कुक आणि त्यांच्या सोबत्यांनी या भाषेतील काही शब्द टिपून घेतले व ‘कांगारू’ हा शब्द तेथूनच इंग्रजीत गेला. पण बोलण्याची रीत अशा शब्दयादीत उतरत नाही.

या भाषेत डाव्या आणि उजव्या हाताला नावे आहेत, मात्र ती हातांपुरतीच. स्थान सांगायचे ते ‘गुंगा’, ‘जिबा’, ‘नागा’, ‘गुवा’ (अनुक्रमे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम) या मुळांपासून झालेल्या शब्दांनी, मग ते दूरच्या डोंगराचे असो की शेजारी बसलेल्या माणसाचे. बोलणारा कोठेही तोंड करून उभा राहिला तरी न बदलणाऱ्या अशा दिशाव्यवस्थेला भाषाशास्त्रात निरपेक्ष संदर्भचौकट म्हणतात. मराठी वाचकाला ती सर्वस्वी परकी वाटू नये, कारण जमिनीच्या खरेदीखतातील चतुःसीमा आजही याच पद्धतीने लिहिली जाते. फरक इतकाच की तेथे दस्तऐवजापुरती असलेली शिस्त गूगू यिमिथिर भाषकांना प्रत्येक वाक्यात पाळावी लागे.

याच किनाऱ्यावर केप बेडफर्ड येथे १८८६ मध्ये लूथरन मिशन स्थापन झाले, १९४२ मध्ये युद्धकाळात तेथील लोकांना दूर दक्षिणेकडे वुराबिंडा येथे हलवण्यात आले आणि परतलेल्यांची वस्ती १९४९ पासून होपवेल येथे उभी राहिली. इतक्या उलथापालथीनंतरही जुन्या पिढीत ही रीत टिकून होती. या भाषेचे अभ्यासक जॉन हॅव्हिलंड यांनी १९८० मध्ये एका वृद्धाकडून नाव उलटल्याची हकिकत चित्रित केली, तेव्हा तो पश्चिमेकडे तोंड करून बसला होता. दोन वर्षांनी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन लेव्हिन्सन यांच्यासमोर तीच हकिकत सांगताना त्याचे तोंड उत्तरेकडे होते, तरी नाव पूर्वेकडून पश्चिमेकडे उलटली हे दाखवणारी हाताची हालचाल त्याने त्या मानाने बदलली होती. प्रसंग स्मृतीत साठवतानाच दिशा नोंदली जात असावी, याचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण.

तथापि अशा पुराव्यांवरून काढलेला, भाषाच विचार घडवते हा निष्कर्ष सर्वमान्य झाला नाही. मानसशास्त्रज्ञ पेगी ली आणि लीला ग्लाइटमन यांनी २००२ मध्ये असे प्रतिपादन केले की भोवतालच्या खुणा बदलल्या की इंग्रजी भाषकही दिशा वेगळ्या रीतीने मोजू लागतात. हा आक्षेप वजनदार आहे, परंतु होपवेलच्या तरुण पिढीत इंग्रजीच्या प्रभावाने जुनी रीत विरळ होत गेली, आणि किनारा व डोंगर तेच असताना हे घडले, याचा उलगडा केवळ परिसराने होत नाही. अर्थात त्याच काळात पायी भटकण्याचे जीवनही मागे पडले, त्यामुळे सारे श्रेय भाषेला देणेही घाईचे ठरेल.